इंचातलं पाणी

परवा लातूरला वर्गात एका मुलानं गणिताचं उत्तर सांगितलं, "बारा." उत्तर बरोबर होतं. वेळ कमी होता, बरेच प्रश्न उरकायचे होते, आणि आमच्या त्या क्लासच्या गल्लीत उरकण्यालाच शिकवणं म्हणतात. तरीही माझ्या तोंडून निघून गेलं, "बारा काय?" मुलगा गोंधळला. मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. मी स्वतःच जराशी दचकले. आवाज माझा होता, पण विचारणारी मी नव्हते. विचारत होते आमचे सोनकांबळे सर.

मी राहते नांदेडला आणि आठवड्यातले तीन दिवस लातूरला फिजिक्स शिकवते. त्या दिवशी परतताना एसटीत खिडकीशी बसले. दुपारची पेंग होती, गाडी रिकामी होती. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली, तेव्हा समोरच्या लिंबाखाली सायकल हातात धरून सर उभे आहेत असं मला स्पष्ट दिसलं. डोळे चोळले तर तिथे रसवंतीवाला होता. सर आता अहमदपुरात नसतात हे मला माहीत होतं, पण जीव हुरहुरला तो हुरहुरलाच.

हरिश्चंद्र सोनकांबळे. अहमदपूरच्या ज्युनिअर कॉलेजात आम्हाला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे. उंच, कडकडीत वाळलेले, अंगात कायम फिकट निळा शर्ट आणि त्याच्या खिशावर खडूचा पांढरा डाग. सायकल होती, पण तिच्यावर बसलेले सर मी फार कमी वेळा पाहिले. ते तिला सोबतीला घेऊन चालायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "बसलो की ध्यान रस्त्यावर द्यावं लागतंय. चाललो की कुठंबी देता येतंय." त्यांचं ध्यान बहुतेक वेळा कुठंबीच असायचं. शिकवता शिकवता खिडकीबाहेर धान्याच्या बाजाराकडे, मोंढ्याकडे बघत राहायचे. तिकडे तुरीचे ढीग असायचे, उन्हात धूळ तरंगायची, आणि आम्ही साठ जण सर परत येण्याची वाट बघत बसायचो. ते यायचे, पण सावकाश.

एका बाबतीत मात्र ते कधी हरवायचे नाहीत. युनिट. तुम्ही नुसता आकडा बोललात की ते झोपेतूनही जागे व्हायचे. "पाच." "पाच काय? पाच मीटर? पाच म्हशी?" आम्ही पहिल्या महिन्यात हसलो, दुसऱ्या महिन्यात वैतागलो आणि तिसऱ्या महिन्यात घरी आईला विचारायला लागलो, "दोन काय? दोन वाट्या का दोन पोळ्या?" कॉलेजचा शिपाई सांगत यायचा, "सर, दोन वाजता मीटिंग हाय," आणि सर समाधानानं मान हलवायचे. वाजता होतं ना त्यात.

सगळ्यांना त्यांनी युनिटांची नावं दिली होती. उंच महादूचं नाव मीटर. भांडणात सगळ्यांना ढकलणारा बालाजी न्यूटन. मी लवकर तापायचे म्हणून मी केल्विन. माझं खरं नाव सुनंदा आहे, हे सरांना माहीत होतं की नव्हतं याची मला आजही खात्री नाही.

युनिटं एकमेकांत मिसळतात आणि एकमेकांना घालवतात, हे सगळेच मास्तर शिकवतात. वर एक, खाली एक, मारा काट. सर काट मारायचे नाहीत. फळ्यावर लिहायचे: दर तासाला साठ किलोमीटर, गुणिले दोन तास. मग एका तासावर खडू ठेवायचे. "हा खाली बसलेला तास. हा वर बसलेला तास. लई दिसांनी गाठ पडली दोघांची. आता ते इथं थांबत न्हाईत." दोघांवरून एकेक हलकी तिरकी रेघ ओढायचे, लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी. "तास गेले. किलोमीटर राहिले." आणि खिडकीबाहेर बघायचे. आम्हीही बघायचो. मला तर खरंच वाटायचं की ते दोन तास हातात हात घालून मोंढ्याच्या धुळीतून लांब चाललेत.

"आकडा कुणाच्याबी बाजूनं बोलतो," सर म्हणायचे, "युनिट न्हाई बोलत." हे वाक्य आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. त्याचा अर्थ काय हे तेव्हा आम्हालाही कळलं नव्हतं आणि पुढे जे घडलं त्यावरून बघता सरांनाही पुरता कळला नव्हता.

खेड्यातल्या मापांना हसलेलं त्यांना खपायचं नाही. एकदा महादूनं नक्कल केली. त्याच्या गावी एका म्हाताऱ्याला विचारलं, मळा किती लांब आहे, तर म्हातारा म्हणे, "ही बिडी वढस्तोवर पोचशील." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू उचलला. "अंतर विचारलं, त्यानं वेळ सांगितली. चुकलं का? न्हाई. त्यानं तुझ्या चालीकडं बघितलं. मनातल्या मनात चालीला वेळेनं गुणलं. सेकंद गेले, मीटर राहिले. तुला शाळेत जाऊन येतंय ते त्याला बिडी वढता वढता येतंय." महादू त्या दिवसापासून म्हाताऱ्यांची नक्कल करायचा बंद झाला.

शनिवारी आकड्यांना सुट्टी असायची. त्या तासाला फळ्यावर एकही आकडा लिहायचा नाही, नुसती युनिटं. कोणीही घरची, शेतातली, रस्त्यावरची गोष्ट आणायची आणि सरांनी तिच्यातली युनिटं सोडवायची. त्यातल्या एका शनिवारी मी जो प्रश्न विचारला, त्यामुळे एका घरातलं सगळं वरखाली झालं.

आमच्या शेतात त्या आठवड्यात बोअर घेतला होता. खाली पाणी लागलं तसं बोअर पाडणाऱ्या गाडीवाल्या माणसानं पाण्याच्या वाटेत लोखंडी पत्रा उभा केला. पत्र्याला वरून खाली निमुळती होत गेलेली त्रिकोणी खाच होती. पाणी त्या खाचेतून पडायला लागलं. खाचेत पाणी किती उंच चढलं हे त्यानं पट्टीनं मोजलं आणि ओरडला, "दीड इंच!" वडील खूश झाले, पेढे वाटले. आमच्याकडे सगळे बोअरचं पाणी इंचातच सांगतात. मला मात्र ते रात्रभर खटकत राहिलं. शनिवारी मी उभी राहिले.

"सर, इंच तर लांबी हाय. पाणी लांबीत कसं काय मोजतेत?"

सर आधी खूप आनंदले. दोन्ही हात चोळत म्हणाले, "वा, केल्विन. आज तापलीस ते कामाचं तापलीस." मग ते फळ्याकडे वळले. आम्हाला हवं होतं एका सेकंदाला किती घनमीटर पाणी पडतं ते. म्हणजे वर मीटर तीनदा, खाली सेकंद एकदा. हाताशी काय होतं? खाचेतल्या पाण्याची उंची, मीटरमध्ये. आणि पाणी खाली ओढणारं गुरुत्व: वर मीटर एकदा, खाली सेकंद दोनदा.

"सेकंद एकच पायजे, गुरुत्वात हायेत दोन," सर पुटपुटत होते. "मग गुरुत्वाचं वर्गमूळ घ्या. सेकंद एक उरला. पण वर्गमुळात मीटर अर्धाच आला. आपल्याला पायजेत तीन. राहिले किती? अडीच. ते कुठून आणायचे? उंचीतून. उंचीचा अडीचावा घात." त्यांनी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि मागे सरून बघत राहिले. चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे पोरांनो, दोन इंच पाणी म्हणजे एक इंचाच्या दुप्पट न्हाई. दोनचा अडीचावा घात. दोन दुणे चार, आणि चाराला पुन्हा दोनच्या वर्गमुळानं..."

शनिवारी आकडा लिहायचा नसतो हे ते विसरले. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, साडेपाच आणि वर थोडंसं. पट.

मग ते थांबले. नेहमीसारखे खिडकीबाहेर बघत थांबले नाहीत. त्या आकड्याकडे बघत थांबले. आम्हाला वाटलं, काही चुकलं असेल. त्यांच्या हातातला खडू खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले. ते वाकले नाहीत. "बसा," एवढंच म्हणाले आणि तास अर्धा टाकून निघून गेले. सायकल लिंबाखालीच राहिली. शिपायानं सांगितलं, सरांनी मुखेडची गाडी पकडली.

ते कुठे आणि का गेले हे आम्हाला नंतर कळलं. थोडं सरांनी सांगितलं, बरंचसं त्यांच्या वहिनींनी.

सरांचं गाव मुखेड तालुक्यातलं. चार भाऊ. थोरले मारोती शाळा सोडून औतामागं गेले म्हणून दोन नंबरचे हरिश्चंद्र शिकू शकले. खालचे दोघे किसन आणि देविदास. मारोती अकाली गेले. मागे राहिल्या त्यांच्या बायको, पद्मिनबाई. पुढे वाटणीची वेळ आली तेव्हा सरांनी स्वतःचा हिस्सा घेतला नाही. नोकरी आहे, म्हणाले. जमिनीचे तीन सारखे भाग केले. बोअर होते दोन. एकाला दोन इंच पाणी, दुसऱ्याला एक इंच. किसन आणि देविदास एकत्र कसत होते, त्यांना दोघांत मिळून दोन इंचाचा. पद्मिनबाईंना एक इंचाचा. म्हणजे माणशी एक इंच. पंच म्हणाले, याच्याहून सरळ वाटणी काय असणार? कागद लिहिला सरांनी. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. "सरानं लिवलंय" म्हटल्यावर कोणी पुन्हा वाचलासुद्धा नाही.

आणि मग पाच वर्षं पद्मिनबाईंच्या मिरच्या वाळत राहिल्या. किसनचं रान हिरवंगार आणि बांधापलीकडे हिचं करपलेलं. पाणी तर सारखंच, माणशी एक इंच! मग दोष कुणाचा? गावानं ठरवलं, हिच्या हाताला यश नाही. हळूहळू लोक तिच्या हातानं बी पेरून घेईनात. हळदीकुंकवासारखंच ते, एकदा वगळलं की वगळलं. तिनंही ते मानून घेतलं. खुद्द सरांनी दिवाळीत जाऊन तिला समजावलं होतं, "वहिनी, वाफे लहान करा. पाणी जपून द्यावं लागतंय." ज्या माणसानं आम्हाला आकडा युनिटाशिवाय तोंडातून काढू दिला नाही, त्यानं स्वतःच्या हातानं पाणी लांबीत वाटलं होतं.

सोमवारी सर परत आले. चेहरा उतरलेला. मला बाजूला बोलावून म्हणाले, "केल्विन, गावात गेलं की मी सर नसतो गं. गावात मी थोरल्याचा धाकटा भाऊ असतो. ही युनिटं मी इथं कॉलेजातच ठेवून जात होतो."

भावांना सांगितलं होतं त्यांनी. किसन हसला होता. "भाऊ, ते तुमचं फळ्यावरलं पाणी. रानातलं येगळं." सरांनी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी मला, महादूला आणि माझी मैत्रीण शबाना हिला घेऊन ते गावी गेले. म्हणाले, मोजणारे बाहेरचे असावेत. गावात दोनशे लिटरचा निळा ड्रम मिळाला. सरांनी हातातलं घड्याळ काढून शबानाच्या हातात दिलं.

आधी मोठा बोअर. मोटार सुरू झाली, पाईपातून पाणी धो धो आलं. ड्रम भरून वाहायला लागला तेव्हा शबाना म्हणाली, "चार मिनिटं, दहा सेकंद." किसन मिशीत हसत उभा होता. धाकटा देविदास ड्रमकडे बघत होता.

मग आम्ही ड्रम रिकामा केला आणि उचलून बांधापलीकडे पद्मिनबाईंच्या रानात नेला. मोटारी दोन्हीकडे त्या त्या पाण्याच्या बेतानं बसवलेल्या होत्या, बोअरला जेवढं पाणी तेवढंच वर काढणाऱ्या. बटण दाबलं. पाईपातून करंगळीएवढी धार पडायला लागली. ड्रमच्या तळाशी तिचा आवाज टपटप असा येत होता, मग तो हळूहळू गहिरा झाला. चार मिनिटं झाली. ड्रममध्ये वीतभरही पाणी नव्हतं.

ती पुढची मिनिटं मी विसरू शकत नाही. सकाळचं ऊन पाठीवर चढत होतं. सातभाई पक्ष्यांचा थवा बाभळीखाली उड्या मारत होता. ओल्या मातीचा वास येत होता, पण थोडाच. पद्मिनबाई ड्रमच्या काठावर हात ठेवून उभ्या होत्या, आणि आत पाणी वर येताना त्यांचा चेहरा त्यात हलत होता. मला ग्लानी आल्यासारखं झालं. वाटलं, वेळ नावाची जी गोष्ट सर फळ्यावर इतक्या हळुवारपणे पुसतात, ती इथे पुसली जात नाहीये. ती एकेक सेकंदानं ड्रममध्ये पडते आहे.

दहाव्या मिनिटाला देविदास खाली बसला. पंधराव्या मिनिटाला किसन म्हणाला, "मोटार बिघडली असंल."

"न्हाई बिघडली," पद्मिनबाई म्हणाल्या. "रोज असंच येतंय."

ड्रम भरला तेव्हा शबानानं घड्याळ दोनदा पाहिलं. "साडेतेवीस मिनिटं." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

पद्मिनबाईंनी काठावरचा हात उचलला. ओला तळवा उलटासुलटा करून पाहिला. मग सरांकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे माझ्या हातात खोट न्हवती, भावजी."

"खोट माझ्या अक्षरात होती, वहिनी," सर म्हणाले. एवढं बोलून ते बाभळीकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही तिघं जमिनीकडे बघत होतो. मी तोवर मास्तराला रडताना पाहिलं नव्हतं. फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. माझ्या एका प्रश्नानं हे झालं होतं.

सरांनी नवा कागद लिहिला. त्यात इंच हा शब्द कुठे नव्हता, लिटर होते आणि तास होते. शेतीची लाईट दिवसाला आठ तास. त्यातले पावणेदोन तास मोठ्या बोअरचं पाणी वहिनींच्या रानात सोडायचं, म्हणजे तिघांचं पाणी सारखं होतं. देविदासनं लगेच सही केली. किसननं तीन आठवडे लावले. त्याचा राग पाण्यावर नव्हताच. सगळ्या गावासमोर तो पाच वर्षं मेहनती शेतकरी होता, आणि एका निळ्या ड्रमानं त्याच्या मेहनतीतलं पाणी वेगळं काढून दाखवलं होतं. सही करताना तो म्हणाला, "कागद तुम्हीच लिवला अन् तुम्हीच फाडला. पाणी देतो. पण ह्याच्यापुढं तुम्हाला भाऊ म्हणून हाक मारणार न्हाई."

त्यानं शब्द पाळला. दोन्ही. रोज ठरल्या वेळी पाणी सोडलं आणि सरांशी एक अक्षर बोलला नाही. लग्नकार्यात, पौर्णिमेला विहारात, समोरासमोर आले तरी तो सरांच्या खांद्यावरून पलीकडे बघायचा. जयभीम घालायचा तोही शेजारच्याला. सरांना त्याचा फार जाच व्हायचा. किसनला त्यांनी कडेवर खेळवलं होतं.

जुना कागद त्यांनी जाळला नाही. दरवर्षी नव्या बॅचच्या पहिल्या तासाला ते तो वर्गात फिरवायचे. खाली लाल पेनानं स्वतःच स्वतःला शून्य दिलेलं होतं. "वाचा. अक्षर बघा किती चांगलं हाय. अन् उत्तर बघा."

निवृत्त झाल्यावर सरांना मीच लातूरच्या एका क्लासमध्ये घेऊन गेले. नुकतीच मीही तिथे लागले होते. चाचणी म्हणून त्यांना एक तास दिला. दोनशे मुलं समोर. सरांनी एक प्रश्न घेतला आणि चाळीस मिनिटं त्यातली युनिटं एकमेकांना भेटवत राहिले. मागचे जांभया द्यायला लागले. क्लासचे मालक दाराशी येऊन म्हणाले, "सर, जरा स्पीड वाढवा." सर प्रसन्नपणे म्हणाले, "स्पीड म्हणजे मीटर भागिले सेकंद. सेकंद तुम्ही कमी करून राहिलात. पोरांचे मीटर किती झाले ते कुणी बघायचं?" दोनशे पोरं हसली. मालक हसले नाहीत. मी मागे उभी होते. मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही, नोकरी नवीन होती. सरांनी स्टँडवर मलाच उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "केल्विन, इतकी गार कामून झालीस?" ते मला अजून टोचतं.

त्यानंतर आमची गाठ नाही. बायको गेल्यावर सर गावी राहायला गेले, वहिनींच्या रानात खोली बांधली, आणि हल्ली त्यांना काही आठवत नाही, असं महादूकडून कळत होतं. जाऊ जाऊ म्हणत राहिले. परवा तोंडातून "बारा काय?" निघालं आणि मग मात्र राहवलं नाही. रविवारी नांदेडहून मुखेडची गाडी धरली.

दुपार कलायला लागली होती. खोलीसमोर खाटेवर सर बसले होते. तोच फिकट निळा शर्ट, खिशावर डाग नाही. पद्मिनबाई आता पांढऱ्याशुभ्र केसांच्या झाल्यात. बांधाला मिरच्यांची रोपं ठेवलेली होती, गावातल्या दोन बाया ती घ्यायला आल्या होत्या. "ह्यांच्या हातची रोपं जगतेत," त्यातली एक मला म्हणाली.

मी सरांच्या पाया पडले. नाव सांगितलं. सर माझ्याकडे आदरानं बघत राहिले, परक्याकडे बघावं तसं. "आकडे गेले सगळे," पद्मिनबाई हळूच म्हणाल्या. "नावंबी गेली. मला कवा कवा आई म्हणतेत."

"लई दिसांनी आलात," सर मला म्हणाले. "किती झाली?"

"वीस," मी म्हणाले.

"वीस काय?"

"वर्षं, सर. वीस वर्षं."

त्यांनी मान हलवली. माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, खूप लांबून चालत आल्यासारखे. मग डोळे बारीक करून म्हणाले, "तापतीस का अजून?" आणि थोड्या वेळानं, अगदी खात्रीनं, "केल्विन."

मला रडू आवरेना. पद्मिनबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारा खांद्यावर फावडं घेऊन आला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या तरी मी ओळखलं. किसनराव. त्यांनी मोठ्या बोअरच्या लाईनीचा कॉक फिरवला. पाईप गुरगुरला आणि पाणी वाफ्यात पडायला लागलं. मग ते येऊन खाटेच्या दुसऱ्या टोकाला सरांजवळ बसले, रोज बसत असावेत तसे.

पाण्याच्या आवाजाकडे सरांनी कान दिला. "किती?"

"दोन," किसनराव म्हणाले.

"दोन काय?"

"दोन तास, भाऊ."

कागदावर पावणेदोन होते, मला पक्कं आठवत होतं. मी पद्मिनबाईंकडे बघितलं. त्या वाफ्याकडे बघत होत्या. किसनरावांनी माझी नजर पकडली, आणि चोरी सापडल्यासारखे ते खाली बघून फावड्याची माती बोटानं काढायला लागले.

सर मात्र गणितात गुंग झाले होते. त्यांनी तर्जनी उचलली. समोर फळा नव्हता, उन्हात तरंगणारी धूळ होती. त्या धुळीवर त्यांनी एक हलकी तिरकी रेघ ओढली, आणि तिच्या खाली दुसरी.

"तास गेले," ते म्हणाले. "पाणी राहिलं."

"हाव, भाऊ," किसनराव म्हणाले, आणि वाफा भरला होता म्हणून पुढच्या वाफ्याचं दार फोडायला फावडं घेऊन उठले.